सरमेची लेकरे

महाभारतात कौरव-पांडव अवतरण्यापूर्वीच एक कुत्री येऊन जाते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या विस्मरणात गेलेली असते. आदिपर्वातील पौष्यपर्वाच्या आरंभी जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत आहे. तेथे सरमेचे पिलू येते, आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन हे जनमेजयाचे तिघे बंधू त्याला बडवतात. पिलू रडत आईकडे जाते. आई प्रथम त्यालाच विचारते की, तुझ्याकडूनच काही आगळीक घडली असेल. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटलेही नाही, असे पिलू सांगते. मग ती थेट यज्ञमंडपात जाऊन राजाला जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा अकल्पित भय ओढवेल असा शाप देऊन ती निघून जाते. सार्वभौम राजाला त्या शापाचा धसका बसतो आणि तो शांतीसाठी योग्य पुरोहिताच्या शोधाला लागतो.

या कथेत आमचे लक्ष शापाकडे नाही, सरमेच्या पहिल्या प्रश्नाकडे आहे. ती लेकराला पोटाशी घेत नाही, आधी त्याची झाडाझडती घेते. आणि मग त्याच्यासाठी राजाशीही भांडते. कुत्रीच्या मातृत्वातील ही दोन अंगे, दटावणे आणि जपणे, प्राचीनांनी अचूक टिपली होती. ती नीट समजून घेण्यास आधुनिक शास्त्राला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. आम्हांस तर त्याहूनही उशीर झाला, आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, एका मुक्या जिवाने मोजली. तेव्हा प्रथम ते सांगणे प्राप्त आहे.

सन १९९१ च्या हिवाळ्यात आम्ही माळव्यातील एका तहसिलीच्या गावी नेमणुकीवर होतो. सरकारी बंगल्याच्या मागील पडवीत एक गावठी कुत्री व्याली. पाच पिले होती. आमच्या लहानपणी इंदूरच्या गल्लीत कुत्री व्याली की मुले घरोघर जाऊन पीठ, गूळ आणि तेल मागून आणीत आणि बाळंतिणीसाठी शिरा होई. त्या आठवणीने आमच्या सौभाग्यवतींनीही चार दिवस शिरा घातला. पहिले तीन आठवडे ती कुत्री पिलांवरून हलली नाही. चौथ्या आठवड्यापासून मात्र तिचे वागणे पालटले. पिले लुचायला आली की ती उठून जाई. एखादे फारच मागे लागले तर गुरगुरे, दात दाखवी आणि त्याचे नाकाड तोंडात धरून त्याला जमिनीशी दाबी. एके दुपारी तिने पिलांपुढे पोटातले सगळे ओकून टाकले, आणि ती पाचही पिले ते ओकलेले चाटूनपुसून खाऊ लागली. सौभाग्यवतींना शिसारी आली. आम्ही आमच्या पदाला साजेशा त्वरेने निर्णय दिला : कुत्री आजारी आहे आणि तिला पिले नकोशी झाली आहेत. बंगल्याचा म्हातारा चौकीदार म्हणाला, “साहब, अभी तो दूध पर हैं.” त्याचे कोण ऐकतो? आम्ही त्यातले एक पिलू उचलून घरात आणले. त्याचे वय तेव्हा जेमतेम तेहेतीस-चौतीस दिवसांचे होते. त्याचे नाव मोती ठेवले.

मोती नऊ वर्षे जगला. पहिला आठवडा तो काही खाईना, रात्रभर केकाटे, आणि बंद दाराच्या पलीकडे त्याची आई फेऱ्या घाली. ज्या कुत्रीला पिले नकोशी झाली होती ती दाराशी का येते, हा प्रश्न आम्हांस तेव्हा पडला नाही. पुढे तो जगला, धिप्पाडही झाला, पण दिवाळीचे चार दिवस पलंगाखाली थरथरत काढी, रस्त्यावर नेले की पायांत घुटमळे, पाहुणा आला की भुंकून घर डोक्यावर घेई. घरातले सगळे त्याला बावळट म्हणत. आम्हीही म्हणत असू.

सेवानिवृत्तीनंतर मिळालेल्या अवकाशात आम्ही या विषयाच्या इतिहासात शिरलो, तेव्हा पहिला धक्का बसला तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन गृहस्थाकडून. मार्कुस व्हॅरो याने वयाच्या ऐंशीच्या घरात, इसवी सनापूर्वी ३७ मध्ये, शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्यांवर एक प्रकरण आहे. पिले पहिले दोन महिने आईपासून तोडू नयेत, त्यांची अंगावर पिण्याची सवय हळूहळू सोडवावी, असे तो सांगतो. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, झेनोफन या ग्रीक सेनानीने शिकारी कुत्र्यांवरील आपल्या पुस्तकात बजावले होते की पिले दुसऱ्या कुत्रीच्या अंगावर पाजू नयेत. आईचे दूध, आईचा श्वास आणि आईचे कुरवाळणे यांनीच ती चांगली वाढतात. या दोघांपाशी प्रयोगशाळा नव्हती. मेंढरे राखणारे आणि ससे धरणारे कुत्रे हवे होते आणि बिघडलेला कुत्रा परवडत नव्हता, एवढीच त्यांची विद्या. आमच्या चौकीदाराची विद्याही याच जातीची होती.

ही विद्या शास्त्राच्या कक्षेत आली ती अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन प्रांतातील बार हार्बर या गावी. तेथील जॅक्सन प्रयोगशाळा १९२९ मध्ये स्थापन झालेली, मुख्यतः उंदरांवरील संशोधनासाठी. १९४५ मध्ये जॉन पॉल स्कॉट तेथे आले, आणि पुढे जॉन फुलर त्यांना मिळाले. ऑक्टोबर १९४७ च्या भीषण वणव्यात प्रयोगशाळेची मुख्य इमारत भस्मसात झाली. कुत्र्यांचे ठाणे गावाबाहेर वेगळ्या शेतावर होते म्हणून ते वाचले. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड मेंढीकुत्रा आणि ताठ केसांचा फॉक्स टेरियर अशा पाच जाती निवडून तेथे वर्षानुवर्षे पिलांच्या जन्मापासून नोंदी ठेवल्या गेल्या, आणि त्यांचे फलित १९६५ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आले. उद्देश होता स्वभाव किती आनुवंशिक हे शोधण्याचा. पण हाती लागले ते निराळेच.

त्यांना असे आढळले की पिलाचे बालपण एकसंध नसते. पहिले दोन आठवडे ते आंधळे, बहिरे, केवळ ऊब आणि दूध शोधणारे असते. साधारण तेराव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस कान जागे होतात, दुधाचे दात हिरड्यांतून डोकावतात, आणि येथून बाराव्या आठवड्यापर्यंत जो काळ जातो त्यात आपले कोण आणि परके कोण हे त्याच्या मनावर कोरले जाते. फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचीच प्रचीती देतो. उंच कुंपणाच्या एकेक एकराच्या आवारात माता पिलांसह ठेवल्या. ठरावीक वयाची पिले आठवडाभर माणसांत आणून परत आईकडे सोडली. काहींना मात्र चौदा आठवडे माणसाचा स्पर्शही होऊ दिला नाही. ही शेवटची पिले पुढे रानटी जनावरासारखी माणसापासून पळत राहिली.

येथेच इतिहासाला एक चमत्कारिक वळण लागले. या प्रयोगाचा लोकांनी घेतलेला अर्थ असा की, पिलू जितक्या लवकर माणसाच्या हाती येईल तितके बरे. स्कॉट यांनी पिलू नव्या घरी नेण्यास सहा ते आठ आठवड्यांचा काळ अनुकूल मानला होता. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी स्कॉट यांच्या सहकार्याने हे ज्ञान व्यवहारात उतरवले आणि १९६३ च्या आपल्या पुस्तकातून ते घरोघर पोहोचवले. मग हौशी मंडळींत एकोणपन्नासाव्या दिवसाचा मुहूर्तच निघाला. पिलू बरोबर सात आठवड्यांचे होताच त्या दिवशी घरी आणावे, ना आदल्या, ना पुढल्या! आम्ही प्रशासनात आयुष्य घालवले असल्याने हे वळण आमच्या परिचयाचे आहे. मूळ टिपणात ‘साधारणतः’ असते, ते परिपत्रकात येईपर्यंत गळून जाते. फ्रीडमन प्रभृतींची पिले तर आठवडा संपताच आईकडे परत जात होती, ही बाब कोणी ध्यानात घेतली नाही. माणूस भेटणे आणि आई तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या एक मानल्या गेल्या.

आईची बाजू पाहण्याचे श्रेय प्रामुख्याने हॅरिएट राइनगोल्ड या विदुषीला द्यावे लागेल. पुढे मानवी अर्भकांच्या अभ्यासासाठी त्या प्रसिद्ध झाल्या, पण १९६३ मध्ये त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मातृत्वावर जो संग्रह संपादित केला त्यात कुत्रीवरील निबंध त्यांचा स्वतःचा आहे. बार हार्बरच्याच कुत्र्या त्यांनी दिवसेंदिवस पाहिल्या. आरंभी आई स्वतः पिलांजवळ जाऊन पाजते. मग पिले तिच्याकडे येतात आणि ती पाजू देते. मग पिले येतात आणि ती उठून जाते. दूध एका दिवसात तुटत नाही, पुढाकार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतो. आमच्या पडवीत हे तिन्ही अंक आमच्या डोळ्यांदेखत झाले होते, आणि आम्ही तिसऱ्याच्या आरंभीच पडदा पाडला.

ही माघार आई का घेते, याची उपपत्ती १९७४ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडली. आईचे नाते सगळ्या लेकरांशी सारखेच, आजच्या आणि पुढच्या वेताच्याही; लेकराला मात्र स्वतःचा जीव भावंडाच्या जिवापेक्षा दुप्पट मोलाचा. म्हणून आई ज्या दिवशी थांबू पाहते त्यानंतरही काही काळ लेकरू मागतच राहते. यात कोणी दुष्ट नाही आणि कोणी कृतघ्न नाही. हिशेब निराळे आहेत. त्यात तीन-चार आठवड्यांच्या सुमारास कुत्रीचे दूध भरतीला असते, आणि नेमके त्याच वेळी पाच तोंडांत सुईसारखे दात आलेले असतात. तिने गुरगुरू नये तर काय करावे? स्वीडनमधील एरिक विल्सन यांनी १९८४ च्या सुमारास जर्मन शेपर्ड मातांच्या या दटावणीचा बारकाईने अभ्यास केला. ती पिलाचे नाकाड धरते, पण दात रुतवत नाही. पिलू लोळण घेऊन शरण येते आणि प्रकरण मिटते. मातामातांत अंतर मात्र फार. कोणी सौम्य, कोणी कडक, आणि त्याच्या खुणा पिलांच्या वागण्यातही दिसल्या. आमच्या पडवीतली कुत्री यांतली कोणत्या वर्गातली होती, हे आता सांगता येणार नाही. पण तिच्या एकाही पिलाच्या नाकावर ओरखडा नव्हता, हे आम्हांस लख्ख आठवते.

आणि ते ओकणे? लांडग्यांत शिकारीहून परतलेली मोठी जनावरे पिलांपुढे अर्धे पचलेले मांस उलटून टाकतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पाळीव कुत्रीत ही रीत लोपली असावी असा समज होता. केर्स्टिन माल्म यांनी कुत्री पाळणाऱ्यांना प्रश्नावली पाठवून १९९५ मध्ये दाखवले की ती मुळीच दुर्मीळ नाही. दूध आणि घन अन्न यांमधला तो साकव आहे. आपल्याकडे बाळाचे उष्टावण होते. कुत्रीच्या घरी ते असे होते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बासष्टाव्या सूक्तात सरमेने आपल्या लेकरासाठी अन्न मिळवल्याचा उल्लेख आहे, आणि बृहद्देवतेतील कथेत पणींकडे दूध पिऊन आलेली सरमा इंद्राची लाथ बसताच ते दूध ओकते. त्या कथाकाराने एखादी बाळंतीण कुत्री पाहिली होती काय, हा आमचा केवळ तर्क. विद्वानांनी तो मनावर घेऊ नये.

आता आम्हांस सर्वांत बोचलेली बाब. दक्षिण आफ्रिकेच्या पोलीस दलाच्या श्वान-पैदास केंद्रात स्लॅबर्ट आणि राझा यांनी जर्मन शेपर्ड पिलांचे दोन गट केले. एका गटाला सहाव्या आठवड्यात आईपासून काढून नव्या घरी दिले, दुसरा बाराव्या आठवड्यापर्यंत आईजवळ राहिला. त्यांचा १९९३ चा निष्कर्ष असा की लवकर तोडलेली पिले खाईनाशी झाली, वजनाने घटली, अधिक आजारी पडली आणि अधिक दगावली. आणि माणसाशी जडणाऱ्या नात्यात त्यांना त्याबदली काही जास्तीचे मिळालेही नाही. चार वर्षांनी याच दोघांनी आणखी एक नवल नोंदवले. ज्या पिलांनी सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत आपल्या आईला अमली पदार्थ हुंगून काढताना नुसते पाहिले होते, ती सहा महिन्यांची झाल्यावर तेच काम इतरांपेक्षा सरस करू लागली. म्हणजे दूध आटले तरी शाळा सुरूच असते. इटलीत पिएरांतोनी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकशे चाळीस प्रौढ कुत्र्यांच्या मालकांना विचारणा केली. सत्तर कुत्रे तिसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत भावंडांपासून तोडलेले, सत्तर साठाव्या दिवशी. पहिल्या गटात फिरायला नेताना भिणे, आवाजाला दचकणे, अति भुंकणे, वस्तूंची नासधूस हे दोष अधिक निघाले. ती यादी वाचताना आम्ही चष्मा काढून ठेवला. एका कुत्र्यावरून सिद्धांत निघत नाही आणि गावठी मोतीचे रक्तच भित्रे नव्हते कशावरून, हा युक्तिवाद आम्हांसही सुचतो. तो युक्तिवाद करणारा आरोपी आहे, एवढेच.

मग आईची माया जितकी अधिक तितके पिलू चांगले, असे म्हणावे काय? येथे अलीकडच्या दोन संशोधनांनी एकमेकांसमोर दंड थोपटले आहेत. स्वीडिश लष्करी कुत्र्यांच्या बावीस वेतांतील चौऱ्याण्णव पिलांवर फॉयर, विल्सन आणि येन्सन यांनी केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन आठवड्यांत आईने जितके अधिक जवळ घेतले, चाटले, पाजले तितकी ती पिले दीड वर्षाची झाल्यावर कामात व संगतीत अधिक उत्साही ठरली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ‘द सीइंग आय’ या, १९२९ पासून अंधांना कुत्रे देणाऱ्या संस्थेतील तेवीस माता आणि अठ्ठ्याण्णव पिले पाहून एमिली ब्रे व सहकाऱ्यांनी नेमके उलटे सांगितले. ज्यांच्या आया सतत अवतीभवती राहिल्या ती पिले पुढे वाटाड्याच्या परीक्षेत अधिक नापास झाली. ज्या माता आडव्या न होता बसून किंवा उभ्याने पाजीत, त्यांची पिले अधिक उत्तीर्ण झाली. कारण आडव्या आईच्या सडाशी लोळत पोचता येते. उभ्या आईसाठी धडपडावे लागते.

हा विरोध आम्हांस वाटतो तितका कठोर नाही. एका अभ्यासाने आरंभीचे तीन आठवडे पाहिले, दुसऱ्याने पाच. एकाने जोमदार लष्करी कुत्रा मागितला, दुसऱ्याने संकटातही न डगमगणारा वाटाड्या. दोन्हीकडे माता अनुभवी माणसांच्या देखरेखीखालच्या, पोटभर खाणाऱ्या होत्या. रस्त्यावरच्या आईला हे भाग्य कुठले?

तिच्याकडे पाहिले ते आपल्याच देशात. बंगालमधील काटवा येथे सुनील कुमार पाल यांनी मोकाट कुत्र्यांतील संगोपनावर २००५ मध्ये लिहिले. त्यानंतर नदिया जिल्ह्यातील मोहनपूरच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थिनी मानबी पॉल यांनी गल्लीबोळांतील वेतांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. पिले वाढतात तशी आई भाकरतुकड्यावर त्यांच्याशीच हिसकाहिसकी करू लागते. फेकलेले अन्न बेताचे असेल तर सोडून देते, चांगले असेल तर सोडत नाही. आईने झिडकारलेली पिले शेजारच्या दुसऱ्या ओल्या कुत्रीचे दूध चोरून पितात. मावशी, आजी, क्वचित बापाच्या नात्याचा कुत्राही राखणीला असतो. या मंडळींनी आपल्या एका निबंधाला भारतीय एकत्र कुटुंबाचेच नाव दिले आहे, आणि वाड्यांत वाढलेल्या आपल्या पिढीला ते मनापासून पटावे. पण त्यांचाच २०१६ चा निबंध काळजाला हात घालतो : पंचाण्णव वेतांतील तीनशे चौसष्ट पिलांपैकी जननक्षम वयापर्यंत पोचली ती अवघी एकोणीस टक्के, आणि मृत्यूंपैकी त्रेसष्ट टक्क्यांना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत. म्हणजे पडवीतून पिलू उचलणारा दयाळू माणूस अगदीच अडाणी नसतो. बाहेर मृत्यू आहे हे त्याला दिसते. आत काय तुटते ते दिसत नाही.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वान-पैदास आणि विक्रीसंबंधी नियम केले. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकू नये, अशी त्यात तरतूद आहे. व्हॅरोचे दोन महिने ते हेच. नियम विक्रीला लागू आहे. पडवीतून उचलून आणलेल्याला नाही.

गेल्या माघात आमच्या वसाहतीच्या जिन्याखाली एक पांढरी कुत्री व्याली. चार पिले. वरच्या मजल्यावरील एका चिरंजीवांनी एकतिसाव्या दिवशी येऊन विचारले, “आजोबा, ही आता त्यांच्यावर गुरगुरते, एक मी घेऊ का?” आम्ही त्याला दिनदर्शिका दाखवली आणि महिन्याभराने यायला सांगितले. तोवर रोज येऊन तेथेच खेळावे, पिलांना हाताची ओळख होऊ द्यावी, असेही सुचवले. त्या मुदतीत एक पिलू मोटारीखाली गेले आणि एक कोणी उचलून नेले, केव्हा ते कळले नाही. मुलगा आमच्यावर काही दिवस रुसला होता. साठाव्या दिवशी त्याने उरलेल्या दोघांतले काळ्या कानाचे घरी नेले. पांढरी कुत्री जिन्यापर्यंत मागोमाग आली, पायरीवर बसून वर पाहत राहिली, आणि थोड्या वेळाने उठून उरलेल्या पिलाकडे गेली. ते लुचायला धावले तेव्हा ती उभीच होती.